बसस्टँडवरचा इंजिनियर अन् त्याची लाल वही

साडेतीन स्टार. अर्धा स्टार देता येत नाही हे मले माहीत आहे, पण चार म्हटलं तं खोटं होईन अन् तीन म्हटलं तं त्या मोबाईल दुकानवाल्या पोट्ट्यावर अन्याय होईन.

दुकानाचं नाव लिहत नाही, काऊन ते पुढं वाचसान तं समजन. तालुक्याच्या बसस्टँडच्या फाटकासमोर, भजेवाल्याले लागून, एका शटरचं दुकान. बोर्डावर मोबाईल रिपेरिंग, रिचार्ज, झेरॉक्स, सातबारा, पीक विमा, पॅनकार्ड, पासपोर्ट फोटो एवढं काई लिवलं आहे की दुकानाचं नाव लिहाले जागाच उरली नाही, ते कोपऱ्यात मुंगीएवढं आहे. मालक पस्तिशीतला, आयटीआय इलेक्ट्रिशियन, पण साऱ्या तालुक्यात त्याले इंजिनियर म्हणतात. खरा इंजिनियर असलेला माहा चुलतभाऊ पुण्याले आहे, त्याले फोन केला की तो म्हणते "सेटिंगमध्ये जा" अन् मीटिंगमध्ये जाते.

तं झालं असं. 2025 च्या नोव्हेंबरात, पीएम किसानचा हप्ता 19 तारखेले पडला त्याच्या आसपास, गावच्या व्हाट्सॲप ग्रुपवर एक फाईल आली. पीएम किसान केवायसी, शेवटी डॉट एपीके, म्हंजे प्ले स्टोरच्या बाहेरून फोनमध्ये टाकाचं ॲप. पाठवणारा कोण तं आमचा किराणावाला, ज्याच्याकडं तीस वर्षं उधारी चालू आहे, म्हंजे माणूस पक्का. बाबाच्या खात्यात हप्ता दिसत नव्हता, दोन हजाराची गोष्ट, त्यायनं दाबलं. फोननं सांगतलं बरं का, लाल ढालीचं चित्र आलं, हे ॲप धोक्याचं आहे म्हणून. पण फाईलीच्या खालीच मेसेज होता की प्ले प्रोटेक्ट (तेच ते लाल ढाल दाखवणारं गूगलचं राखणदार) बंद करा नाहीतं फॉर्म भरल्या जात नाही. बाबा शिस्तीचे, लिवलं तसं केलं. गूगलनं 2024 च्या ऑक्टोबरात सांगतलं होतं की बाहेरून आलेलं ॲप मेसेज वाचाची परवानगी मागत असन तं भारतात ते आपोआप अडवाचा प्रयोग सुरू करून राहिलो, मी ती बातमी वाचून खुश झालो होतो. आता समजलं, माणूस सोताच कुलूप काढून देते तिथं गूगल काय करन बापा.

पंधरा मिनिटात फोन तव्यासारखा गरम. अन् तीच फाईल बाबाच्या नंबरवरून सगळीकडं गेली, भजनी मंडळाच्या ग्रुपवर, बचत गटाच्या ग्रुपवर अन् माह्या बहिणीच्या सासरच्या ग्रुपवर पण. जावईबापूचा फोन आला तवा मले समजलं, तोवर मी वावरात वेचणीच्या बायाचं वजन करून राहिलो होतो. कापूस तसाच सोडला, बाबाले गाडीवर मागं बसवलं अन् अकरा किलोमीटर. तालुक्याले पोचेपर्यंत 9,800 रुपये गेले होते, दोन वेळा 4,900. कापसाचे पैसे चार दिवसाआधी जमा झालेले, म्हंजे आणखी लय जाऊ शकत होते.

इथून दुकानाचा रिव्ह्यू.

इंजिनियरसमोर सात-आठ लोक होते. त्यानं बाबाचं तोंड पाह्यलं अन् हात पुढं केला. "काकाजी, फोन द्या. काई सांगू नोका, काई दाबू नोका." पहिलं काम त्यानं केलं ते विमानाचं बटन दाबाचं, वायफाय बंद, सिम बाहेर. मग मले म्हणे तुमच्या फोनवरून 1930 लावा, म्हंजे ऑनलाईन चोरीच्या तक्रारीचा सरकारी नंबर, मी इकडं पाहतो, दोन्ही कामं संगच झाली पाह्यजे. ही गोष्ट मी दहा ठिकाणी वाचली असन, पण त्या टायमाले माह्या डोक्यात काईच नव्हतं. 1930 वर खाते नंबर, व्यवहाराचा नंबर, टाईम, रक्कम हे विचारतात, ते सगळं बँकेच्या मेसेजमध्ये असते अन् मेसेज तं बाबाच्या फोनमध्ये! चोराच्या ॲपनं मेसेज लपवून ठेवले होते. इंजिनियरनं सिम एका जुन्या बटनाच्या फोनमध्ये टाकली, म्हणे आता येईन तो मेसेज याच्यात येईन, त्याच्यात ॲप घुसत नाही. पासबुक माह्या खिशात होतं म्हणून निभलं. तक्रारीचा नंबर माह्या मोबाईलवर मागून घेतला. पैसे जिकडं गेले त्या खात्यात ते अडवून ठेवाची सोय आहे, पण चोरानं काढले की मग बोंबला, म्हणून घाई. आमचे 4,900 अडले, 4,900 गेले. अडलेले अजून हातात आले नाही, कागदं चालू आहे. बँकेच्या शाखेत गेलो तं साहेब म्हणे लिंक नाही, उद्या या. म्हटलं चोराले बरी लिंक भेटते साहेब.

तोवर इंजिनियरनं फोन उघडला होता. त्या ॲपले चित्रच नव्हतं, नावाच्या जागी नुसती कोरी जागा. तो म्हणे हे असेच असतात, एकदा परवानगी घेतली की लपून बसतात, येणारा ओटीपी वाचून पुढं पाठवतात, म्हणून तुमाले कोणी ओटीपी विचाराचा फोन पण येत नाही. मिटवाले गेलं तं मिटे ना, बटनच फिक्कं. मग त्यानं फोन सेफ मोडमध्ये चालू केला, ज्यात बाहेरून टाकलेले ॲप बंद राहतात, आतमध्ये जाऊन त्याचा ॲडमिनचा हक्क काढला, ॲक्सेसिबिलिटीमधली परवानगी काढली, अन् मग उडवलं. तरी म्हणे माहा भरवसा नाही, फोटो काढून घेऊ अन् पूर्ण रिसेट मारू. मारला. मग ##002# लावून कॉल फॉरवर्ड सगळे रद्द केले, काऊन की काई चोर फोनच वळवून घेतात, ओटीपी कॉलवर ऐकतात. व्हाट्सॲपमध्ये लिंक झालेल्या डिव्हाइसची यादी पाह्यली तं तिथं एक ब्राउझर बसलेला! तो हाकलला अन् टू-स्टेपचा सहा आकडी पिन टाकला. दीड तास. मांगचे लोक कुरकुर करून राहिले होते, एका आजीले पेन्शनीचा हयातीचा दाखला काढाचा होता, पण तीच म्हणे पाहू दे रे बाबू, उद्या माह्यावर पण येईन.

दीड तासाचे घेतले शंभर. मी दोनशे देऊन राहिलो होतो, त्यानं शंभर वापस केले.

वरून एक काम फुकट केलं. संचार साथीवर, म्हंजे सरकारच्या टेलिकॉम खात्याच्या ॲपवर, बाबाच्या नावावर किती सिम आहे ते काढलं. बाबाकडं एक सिम, आईकडं एक, म्हंजे दोन. निघाले तीन. तिसरा नंबर कोणाचा देवाले माहीत, नऊ सिमपर्यंत एका माणसाच्या नावावर निघतात त्यात एखादी कोणी घुसवून दिली असन, कधीकाळी रस्त्यावरच्या छत्रीखाली अंगठा देऊन सिम घेतली होती तवाची. "माझा नंबर नाही" वर दाबून तक्रार टाकली. तुमी पण पाहून घ्या, पाच मिनिटाचं काम आहे, वेबसाईटवर पण होते. हे तेच संचार साथी ज्याच्यावरून 2025 च्या डिसेंबरात गोंधळ झाला, सरकारनं म्हटलं सगळ्या नवीन फोनमध्ये टाकूनच द्या, लोक बोंबलले की ही पाळत आहे, अन् 3 डिसेंबरले सरकारनं ती सक्ती मांग घेतली. पुढच्या खेपेले दुकानात त्याच्यावर लय चर्चा झाली. माहं मत असं की औजार चांगलं आहे, पण पाहुण्यानं घरात येताना विचारून यावं, चहा आपण पाजतोच ना. इंजिनियर म्हणे भाऊ इथं लोक टॉर्चच्या ॲपले कॉन्टॅक्टची परवानगी देतात, त्यायले कायची पाळत सांगता.

इथपर्यंत पाच स्टार होते.

रिसेट झाल्यावर फोनमध्ये जीमेल टाकाचं होतं. इंजिनियर म्हणे काकाजी पासवर्ड? बाबा म्हणे, "तुह्याच वहीत आहे ना रे." अन् त्यानं काउंटरखालून एक लाल खातेवही काढली, ते जाडी, लांबट, किराणा दुकानात असते तशी. गावाप्रमाणे पानं, पानाले कागदाची शेपटी लावलेली. आमचं गाव काढलं. नाव, मोबाईल नंबर, आधार नंबर, जीमेल, पासवर्ड, विम्याच्या पोर्टलचा पासवर्ड, अन् काही नावापुढं चार आकडे. मी विचारलं हे चार आकडे कायचे? म्हणे काईजणायचा फोनपेचा पिन, ते सोताच लिहून ठेव म्हणतात.

आता ऐका मजा. त्याच्या मागच्या काचेले पेपरचं कात्रण चिकटवलेलं होतं, 2025 च्या जूनमधली ती बातमी, 1,600 कोटी पासवर्ड लीक. त्यानं लोकायले भेव दाखवाले लावलं होतं. ती बातमी जरा फुगवलेली होती, एका कंपनीवर दरोडा पडला असं काई नव्हतं, लोकायच्या कम्प्युटरात घुसलेल्या चोरट्या प्रोग्रामनी जमा केलेले तीसेक ढीग एकत्र सापडले होते अन् त्यात जुने, दोनदा आलेले पण लय होते. पण कात्रणाच्या बरोबर खाली, दोन फुटावर, आमच्या पंचवीस-तीस गावाचे पासवर्ड एका वहीत, कुलूप नाही काई नाही, अन् वहीवर चहाचा कप ठेवलेला.

अन् पासवर्ड पाह्यले तं डोक्यालेच हात लावला. सगळे त्यानंच बनवून दिलेले. गावाचं नाव, ॲट, 123. आमच्या गावातल्या सत्तर-ऐंशी लोकायचा एकच पासवर्ड! एकाचा समजला की पुऱ्या गावाचा समजला, दुसरं गाव पाह्यजे असन तं फक्त नाव बदला. चोराले तं बसचं वेळापत्रक पाठ असलं तरी बस्स.

मी बोललो त्याले. चिडून नाही, त्यानं आताच तं बाबाचे पैसे वाचवले होते, पण बोललो. तो म्हणे भाऊ तुमचं बरोबर आहे पण तुमी काउंटरच्या ह्या बाजूनं येऊन पाहा. लोक दर सीझनले नवीन जीमेल काढतात कारण जुनं आठवत नाही, जुन्याले जोडलेली सिम रिचार्ज न करता बंद पडलेली असते, ओटीपी दुसऱ्याच माणसाकडं जाते. विम्याची शेवटची तारीख, रात्री अकरा वाजता साईट चालते, लाईनीत साठ लोक, त्या टायमाले पासवर्ड आठवा म्हटलं तं म्हातारे रडकुंडीले येतात. वही नसती तं अर्ध्या तालुक्याचा विमा बुडाला असता. हे खोटं नाही, माह्या सोताचा बुडाला असता.

मग त्यानं हुकमाचा पत्ता काढला. "भाऊ, 19 जुलै 2024 आठवते का? एका कंपनीच्या चुकीच्या अपडेटनं जगातले 85 लाख कम्प्युटर बंद पडले. विमानतळावर हातानं लिहून बोर्डिंग पास दिले. माही वही त्या दिवशी पण चालू होती." त्या कंपनीची, क्राउडस्ट्राइकची, गोष्ट बसस्टँडवर असं उत्तर म्हणून ऐकाले भेटन असं वाटलं नव्हतं, मी दोन मिनिट गप्पच झालो. अन् त्याची गोष्ट अर्धी खरी आहे. वहीत लिहणं वाईट नाही, मले इचाराल तं म्हाताऱ्या माणसासाठी तेच बरं, रशियातला चोर काई आपल्या घरच्या पेटीत हात घालत नाही. पण आपली वही आपल्या घरी पाह्यजे. साऱ्याची वही बसस्टँडवर हे काई जमत नाही. तो पोट्टा इमानदार आहे हो, पण दुकानात कामाले दर सहा महिन्यानं नवीन पोरगं असते, त्याची हमी कोण घेते?

यातली आणखी गंमत म्हंजे डेटा संरक्षणाचा कायदा 2023 चा, त्याचे नियम 2025 च्या नोव्हेंबरात आले, दंड 250 कोटीपर्यंत. मी इंजिनियरले सांगतलं तं तो हासला. अन् नंतर वाचलं तं समजलं की तो कायदा डिजिटल माहितीले लागते, कागदावरची माहिती डिजिटल केली तरच त्यात येते. म्हंजे लाल वही मोकळी.

त्याचा कम्प्युटर मात्र मोकळा नाही. विंडोज 10, ज्याचा फुकटचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 लेच संपला, अन् डेस्कटॉपवर एवढ्या आधारकार्डाच्या फाईली की मागचं बालाजीचं चित्र दिसत नाही. आधार एक, आधार दोन, नवीन आधार, काकू आधार. व्हाट्सॲप वेब सकाळी शटर उघडलं की चालू ते रात्री शटर पडेपर्यंत. अन् प्रिंट बिघडली की तो कागद जाते बाजूच्या भजेवाल्याकडं. मी खोटं सांगत नाही, मी आलूबोंडा घेतला तं कागदावर शेजारच्या गावच्या एका बाईचं आधार, फोटोसकट, नंबरसकट, अन् फोटोवर तेलाचा डाग. 2022 च्या मे महिन्यात आधारवाल्यायनं एक सूचना काढली होती की झेरॉक्स कुठंही देऊ नका, मास्क केलेलं आधार द्या ज्यात शेवटचे चारच आकडे दिसतात, अन् दोन दिवसात ती सूचना वापस घेतली. तवा मी म्हटलं होतं कायचा एवढा बाऊ. बोंडा खाल्ला, कागद घरी आणून चुलीत टाकला.

एक मात्र सांगतलं पाह्यजे, अंगठ्याच्या मशीनवर हा पोट्टा सरळ आहे. पैसे काढाले गेलं की स्क्रीन आपल्याकडं फिरवते, रक्कम वाचून दाखवते, पावती देते. दुसऱ्या एका ठिकाणी "लागला नाही, परत लावा" करत आमच्या मोठ्या आईचा अंगठा तीन वेळा घेतला होता अन् पावती एकच. तवापासून घरच्या सगळ्यायचे आधारचे बायोमेट्रिक, म्हंजे अंगठ्याचे ठसे, आम्ही लॉक करून ठेवले, लागलं की उघडतो, काम झालं की परत लॉक.

दुकानाच्या भिंतीवर त्यानं स्केचपेननं लिहून कागद लावले आहे ते पण कामाचे आहे. बँकेची खरी वेबसाईट आता डॉट बँक डॉट इन वर असते. पैसे घ्याले पिन लागत नाही, पिन फक्त द्याले लागते. डिजिटल अटक नावाची कोणती अटक नसते. हा शेवटचा कागद लावाचं कारण पण तिथंच ऐकलं. जवळच्या गावचे एक रिटायर्ड गुरुजी, त्यायले व्हिडिओ कॉल आला, मागं पोलीस ठाण्याचं चित्र, वर्दी, शिक्के, तुमच्या नावानं पार्सल पकडलं म्हणे, कॅमेऱ्यासमोरून उठू नका. गुरुजी बिचारे पंख्याखाली ताठ बसून, बाईले पण खोलीत येऊ देईना. तीन तास. मग आमच्याकडची नेहमीची लाईन गेली, थोड्या वेळानं टॉवरची बॅटरी उतरली, नेटवर्क गेलं, अन् गुरुजीची सुटका झाली. अंधारात बाहेर ओट्यावर आले, शेजाऱ्याले सांगतलं, शेजाऱ्यानं शिव्या दिल्या चोरायले अन् फोन हातातून काढून घेतला. पंतप्रधानांनी 2024 च्या ऑक्टोबरात रेडिओवर सांगतलं होतं, थांबा, विचार करा मग करा. गुरुजीनं ते ऐकलं होतं म्हणे. भेव वाटलं की ऐकलेलं आठवत नाही, माह्या बाबाले लाल ढाल दिसली तरी कुठं थांबले. जिंदगीत पहिल्यांदा वीज मंडळाले कोणी दुवा दिली असन.

मी दुसऱ्या खेपेले गेलो तवा एक काम केलं. बाजूच्या स्टेशनरीतून वीस रुपयाची वही घेतली, बाबाचे सगळे पासवर्ड बदलले, दर जाग्यावर येगळा, बाबाच्या आवडीचे चार शब्द जोडून, बैलाचं नाव, वावराचं नाव, असे लांबलचक, अन् ती वही आता घरी पेटीत सातबाराच्या खाली आहे. फोनपेचा पिन कुठंच लिवला नाही, तो आईच्या डोक्यात आहे, अन् तिथून कोणीच काई काढू शकत नाही, बाबा चाळीस वर्षं प्रयत्न करून राहिले. मग इंजिनियरले म्हटलं लाल वहीतलं आमचं पान फाड. तो म्हणे भाऊ मांगच्या बाजूले दुसऱ्या गावचे लोक आहे, फाडता येत नाही. मग त्यानं बॉलपेननं आमच्या नावावर गिरवलं. मी वही उजेडात धरून पाह्यली, सगळं वाचता येते. परत गिरवलं. परत वाचता येते. शेवटी पांढरी शाई आणली बाजूनं, बारा रुपये, ते मीच दिले. माह्यामांगं लाईनीत उभा असलेला माणूस म्हणे काय मिटवून राहिले, मी सांगतलं, तो म्हणे मग माहं पण मिटव. इंजिनियरनं माह्याकडं असं पाह्यलं जसं काई मी त्याच्या पोटावर पाय दिला.

तरी वही अजून आहे. मागच्या सोमवारी पाह्यलं, काउंटरखाली नाही, आता ड्रॉवरमध्ये ठेवते, ड्रॉवरले कुलूप आहे अन् चावी कुलपातच. पासवर्ड मात्र आता ज्याचा त्यालेच टाकाले लावते, स्क्रीन फिरवून देते. म्हणून तीनाचे साडेतीन केले.

जाणाऱ्यायसाठी: मंगळवारी जाऊ नका, बाजार असते, पाय ठेवाले जागा नाही. दुपारी दोन ते चार लाईट नसते तवा झेरॉक्स होत नाही पण फोनची कामं होतात, गर्दी पण कमी. ग्लास गार्ड ऐंशी रुपये, चांगला लागते, माहा सात महिने झाले आहे. चार्जर घेऊ नका त्याच्याकडून, दोन जळले. फोनमध्ये काई घुसलं असन तं त्याच्याकडं न्याच्या आधीच नेट बंद करा अन् सिम काढा, अन् पासबुक संग न्या. प्रिंट बिघडली तं कागद मागून घ्या, तो देते, मांगाले लाजू नका. भजे मात्र पेपरवर मागा.